गेले किती, आले किती

वसईजवळच्या गिरीज गावात दुसऱ्याचे बूट उलटे धरून तळ तपासणारा एकच माणूस होता, तो म्हणजे लेस्ली. वय साठ, अंगकाठी सडपातळ, वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटरकी करून निवृत्त झालेला आणि आता घरामागच्या वाडीत केळी नि वाल सांभाळणारा. दर सव्वीस जानेवारीला गावच्या चर्चचं युवक मंडळ टकमक गडावर जायचं, ते लेस्लीच्या हाताखाली. पण म्होरक्या असून तो कधी पुढे चालला नाही. पुढे एखादा तरणा गडी द्यायचा आणि आपण सगळ्यांच्या शेवटी राहायचं, ही त्याची रीत. पुढून डोंगर दिसतो, मला माणसं बघायचीत, असं तो म्हणायचा.

त्याच्या तयारीची गावात यथेच्छ टिंगल चाले. डिसेंबर संपत आला की तो पोरांना दोन रविवार राजोडीच्या किनाऱ्यावर नेऊन बूट घालून कोरड्या वाळूत तासभर चालवायचा. ज्याचा बूट चावला, त्याला दुसरा घ्यायला पंधरा दिवस मिळायचे. माणशी दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, अंगाला सेंट नाही, केसांना वासाचं तेल नाही. सगळ्यांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीदार दिसेनासा झाला की तिथल्या तिथे थांबायचं. शिट्टी तीनदा वाजली तर सगळ्यांनी थांबायचं. प्रत्येकाला एक नंबर मिळे आणि बसमध्ये, पाड्यावर, झऱ्यापाशी, माथ्यावर आणि परत पाड्यावर असा पाच वेळा तो मोठ्याने म्हणावा लागे. खाऊ मात्र लेस्लीच्या घरचा असायचा. वाडीतल्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी तो प्रत्येकाला दोन-दोन द्यायचा. पोरं सुकेळी खात खात त्याच्या नकला करायची आणि तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

ही नंबरची भानगड कुठून आली, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी गावातली काही पोरं मे महिन्यात तुंगारच्या जंगलात गेली होती. लेस्ली तेव्हा विशीचा. बरोबर त्याचा शेजारी फेबियन, वय एकोणीस. पाणी होतं ते चढतानाच संपलं. उतरताना कोण पुढे, कोण मागे, कुणाला पत्ता नाही. टेम्पोत बसून गाणी म्हणत सगळे गावात पोचले, तेव्हा कळलं की फेबियन नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात सापडला. उन्हानं गेला, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी टेम्पोतून उतरलेल्या पोरांना फेबियनच्या आईनं, लिडियाबाईंनी, एकच गोष्ट विचारली होती. "तुम्ही किती जण गेला होता?" एक म्हणाला अकरा, दुसरा म्हणाला बारा, लेस्ली म्हणाला तेरा. तिनं त्या तिघांकडे पाहिलं आणि ती आत गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लेस्लीला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

म्हणून त्यानं गडाची वार्षिक फेरी सुरू केली, तेव्हाच एक पद्धत घालून घेतली. बस गावात आली की घरी जायच्या आधी लिडियाबाईंच्या ओट्यापाशी जायचं. त्या विचारायच्या, "किती गेले, किती आले?" तो आकडे सांगायचा. आकडे सारखे असायचे. त्या मान हलवायच्या, आणि मग लेस्ली घरी जाऊन आंघोळ करायचा. त्या आकड्यांवर तो वर्षभर जगायचा म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी या फेरीचं पंचविसावं वर्ष होतं. सव्वीस जानेवारी नेमकी रविवारी आलेली, तेव्हा रविवारची प्रार्थना, मिस्सा, गडाच्या माथ्यावरच करायची असं ठरलं. कल्पना शेल्डनची. शेल्डन म्हणजे लेस्लीच्या थोरल्या भावाचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, कंप्युटर कंपनीत नोकरीला, मंडळाचा सेक्रेटरी, बोलायला चटपटीत. नवे फादरही तरुण होते, त्यांनाही कल्पना आवडली. लेस्लीलाही आवडली, हे सांगायला हवं. पंचवीस वर्षं आपण माणसं वर नेली आणि सगळी खाली आणली, त्याबद्दल देवाचे आभार तिथेच मानावेत, असं त्याच्याही मनात होतं. महिनाभर तो त्या दिवसाची वाट बघत होता.

घोटाळा झाला तो मिस्सामुळेच. मिस्साला जायचं म्हणजे नटून जायचं, हे वसईच्या ख्रिस्ती घरात कुणाला शिकवावं लागत नाही. लेस्लीनं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार वेळा नियम टाकले होते, पण पहाटे आयांनी पोरींना नवे कपडे घातले, गजरे माळले, सेंट मारून पाठवलं. पोरांनी केसांना जेल थापलं. डोंगरावर असली तरी मिस्सा ती मिस्सा. एकेचाळीस माणसांची बस लग्नाच्या वऱ्हाडासारखी घमघमत होती. शेल्डनच्या सॅकमध्ये तर धुपाटणं, कोळसे आणि धुपाची डबी होती. लेस्लीनं बसमध्येच तोंड सोडलं. पण बस सुटली होती आणि सगळ्यांचा मूड चांगला होता.

पायथ्याच्या पाड्यावरचा बळीराम दर वर्षी वाट दाखवायला यायचा. लेस्लीच्याच वयाचा, कमी बोलणारा. त्यानं बसमधून उतरणाऱ्या पोरींच्या सेंटचा वास घेतला आणि लेस्लीकडे नुसतं बघितलं. "कड्याला मोहोळं लागलीत, दादा. सात हायत. चाल गुमान, काय बोलायचा नाय," एवढंच म्हणाला. ती आग्या मोहोळं होती. वासानं नि धुरानं त्या माश्या उठल्या की माणसाला पळायला जागा ठेवत नाहीत.

जंगलातून अडीच तास चढ झाला. माथा वीस मिनिटांवर राहिला, तिथे कड्याच्या पोटातून आडवी वाट जाते, एका वेळी एक माणूस जाईल एवढीच. डाव्या हाताला दरी आणि डोक्यावर काळी मोहोळं लोंबताना स्पष्ट दिसत होती. पुढची पोरं त्या वाटेला लागणार तोच चार माश्या आल्या आणि नॅन्सी नावाच्या मुलीच्या ओढणीवर टप्‌टप् आपटून गेल्या. मग आणखी दोन आल्या. बळीरामनं हात आडवा केला.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लेस्ली शेपटाकडून पुढे आला. "मागे फिरा," तो म्हणाला. "आवाज नाही. एकामागून एक मागे."

"काका, वीस मिनिटं राहिलीत फक्त," शेल्डन दबक्या आवाजात म्हणाला.

फादर शहाणपणानं बोलले. "लेस्ली, धूप आपण नको पेटवू या. तेवढं सोडून वर जाऊ."

"फादर, वास तर अंगावर आहे. तो कसा काढायचा?"

एकेचाळीस माणसं मागे फिरली. मिस्सा झाली ती पाड्यावरच्या शाळेच्या पटांगणात, महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजात. पाड्यावरची कोंबडी वेदीच्या टेबलाखाली फिरत होती. फादरांचा प्रवचनाचा कागद निमूट घडी होऊन खिशात गेला. बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. गावात आल्यावर लेस्ली लिडियाबाईंच्या ओट्यापाशी गेला आणि एकेचाळीस गेले, एकेचाळीस आले, असं सांगून आला. त्या मान हलवून हसल्या. त्या दिवशी त्याच्यावर खूश असलेलं गावात तेवढंच एक माणूस होतं.

कुणालाही माशी चावली नव्हती. एकाला जरी चावली असती, एखाद्याचा गाल जरी सुजला असता, तरी लेस्ली वाचला असता. पण जे घडलंच नाही ते दाखवणार कसं? त्यातून दुसऱ्या दिवशी भाईंदरच्या कुठल्याशा ग्रुपचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आले. ते लोक त्याच दिवशी, त्याच वाटेनं माथ्यावर जाऊन आले होते आणि झेंड्याभोवती दात काढून उभे होते. शेल्डननं तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती.

मग सुरू झालं. चर्चच्या आवारात लेस्ली दिसला की कुणीतरी हळूच गुणगुणल्यासारखा आवाज काढायचं, माशीचा. अंकल म्हातारे झाले. अंकल घाबरट झाले. फेबियनचं भूत अजून उतरलं नाही मानेवरून, असंही कुणी म्हणालं, आणि ते लेस्लीच्या कानावर आलं. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हे. कारण रात्री अंथरुणावर पडलं की तो स्वतःलाच विचारायचा, मी माश्यांना भ्यालो की लिडियाबाईंच्या प्रश्नाला?

मे महिन्याच्या वार्षिक सभेत त्याचा सत्कार झाला. माणसाला काढून टाकायची ही आपली सभ्य तऱ्हा आहे. शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि शेल्डननं भाषण केलं, की अंकलनी पंचवीस वर्षं खूप धावपळ केली, आता त्यांनी आराम करावा. भेट म्हणून एक मोठी फ्रेम दिली. फ्रेममध्ये टकमकचा माथा. टाळ्या झाल्या. लेस्लीची बायको पॉलिन पहिल्या रांगेत बसली होती, तिनं टाळी वाजवली नाही. घरी आल्यावर तिनं फ्रेम कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली.

ऑक्टोबरात मंडळाचा नवा ग्रुप झाला. त्यात लेस्लीचा नंबर नव्हता. त्याची मुलगी एलिना होती. एलिना पंचवीसची, अंधेरीला बँकेत नोकरी करणारी, बापासारखीच सरळ आणि कमी बोलणारी. या सव्वीस जानेवारीला चव्वेचाळीस जण जाणार, हे त्याला तिच्याकडून कळलं. राजोडीची वाळू या वर्षी नव्हती. बुटांचे तळ कुणी बघितले नाहीत. मिस्सा मात्र माथ्यावर होती, धुपासकट. गेल्या वर्षीचं राहिलेलं पुरं करायचं होतं ना.

तेवीस तारखेला शुक्रवारी दुपारी लेस्ली वाडीत केळीची सुकी पानं काढत होता, तेव्हा बळीरामचा फोन आला. "दादा, औंदा मोहोळं लय झालीत. अकरा मोजली मी. त्या वाटेला कोनी लाकडं आनायलाबी जात नाय. पोरांना सांग, मागच्या अंगानं नेतो. तास जास्ती लागंल. आन् वास नको."

"सांगतो," लेस्ली म्हणाला.

आणि तो सांगणारच होता. त्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. शुक्रवारी शेल्डन कामावर होता. शनिवारी लेस्लीला विरारला एका नात्यातल्या मयताला जावं लागलं. रविवारी संध्याकाळी तो मुद्दाम भावाच्या घरी गेला. ओट्यावर मंडळाची सात-आठ पोरं बॅनर घडी करत बसली होती. लेस्लीला बघून शेल्डन उठला आणि त्यानं तोंड उघडायच्या आत हसत म्हणाला, "काका, नियम सांगायला आलात ना? आम्ही सगळं नेटवर बघितलंय. यंदा माश्यांना आधीच मेसेज टाकलाय, येऊ नका म्हणून."

पोरं हसली. त्यातल्या एकानं तो गुणगुणण्याचा आवाज काढला. लेस्ली क्षणभर तिथे उभा राहिला. अकरा हा आकडा त्याच्या ओठांवर होता.

"नाही रे, सहज आलो," तो म्हणाला आणि माघारी वळला.

घरी येताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. जाऊ देत, तो मनात म्हणाला. एकदा कळू दे यांना.

पहाटे साडेचारला एलिना निघाली, तेव्हा तो उठून बसला होता. त्यानं कपाटातून आपला कारखान्यातला जाड खाकी शर्ट काढून ठेवला होता, आणि एक मोठा सुती रुमाल. "हे घाल," तो म्हणाला. "सेंट लावलंस?"

"नाही लावलं."

"शेवटी चाल. सगळ्यांच्या मागे राहा. कड्याजवळ काही झालं तर खाली बस, तोंड झाक, पळू नको."

एलिनानं बापाकडे बघितलं. "काही झालंय का, डॅडी?"

"नेहमीचंच सांगतोय," तो म्हणाला. तिनं शर्ट घातला, सुकेळीची पुडी सॅकमध्ये टाकली आणि गेली. चव्वेचाळीस माणसांत एकटीचंच अंग त्यानं झाकलं होतं. बाकीच्या त्रेचाळीस जणांच्या आया त्या वेळी त्यांना सेंट मारत होत्या.

सहा वाजता बस महामार्गाला लागली असेल, हे त्याला ठाऊक होतं. फोन हातात होता. एक वाक्य सांगायचं, बस. सात वाजता ते पाड्यावर उतरत असतील. अजून वेळ होता. त्यानं चहा घेतला, परत घेतला. साडेसातनंतर जंगलात फोन लागत नाही, हेही त्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. घड्याळात साडेसात वाजले आणि त्याला चक्क मोकळं वाटलं. आता करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दिवसभर फोन त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला, आवाज पूर्ण वाढवून. वालाला पाणी घातलं, मध्येच थांबून फोन काढून बघितला, परत पाणी घातलं. पॉलिननं विचारलं, "कुणाचा यायचाय फोन?" तो म्हणाला, कुणाचा नाही. दुपारी जेवताना त्याच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात वाक्यं जुळवतोय. 'मी गेल्याच वर्षी सांगितलं होतं.' 'पंचवीस वर्षं कुणाला ओरखडा येऊ दिला नाही मी.' वाक्यं चांगली जमत होती. आणि मग त्या सगळ्यात एलिनाचा चेहरा आला, तसा त्यानं घास ताटात ठेवला आणि उठला.

चार वाजता तो चर्चच्या वळणावर जाऊन उभा राहिला. सव्वापाचला बस आली ती गाण्यांच्या आवाजातच. दार उघडलं आणि पोरं उतरू लागली, धुळीनं माखलेली, उन्हानं लाल झालेली, हसणारी. सवयीनं लेस्लीचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. एकाचाही गाल सुजलेला नव्हता. कुणी लंगडत नव्हतं. शेल्डन धुपाटणं घेऊन उतरला. एकेचाळीस, बेचाळीस. शेवटी एलिना उतरली, खाकी शर्टात. चव्वेचाळीस.

आकडा पुरा झाला आणि लेस्लीच्या मनात जे पहिलं आलं, ते समाधान नव्हतं. त्याला फसवलं गेल्यासारखं वाटलं. एका क्षणापुरतंच, पण ते त्यानं स्वतः बघितलं. आपल्यालाच रस्त्यात अचानक आरशात पाहावं तसं.

एलिना त्याच्याजवळ आली आणि बरोबर चालू लागली. घराच्या वाटेवर पन्नासेक पावलं ती तशीच चालली. मग म्हणाली, "बळीराम काका बस यायच्या आधीच रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांनी आम्हाला त्या वाटेनं जाऊच दिलं नाही. पोरींना झऱ्यावर नेऊन हातपाय, माना धुवायला लावल्या. धूप परत येईपर्यंत पाड्यावर ठेवून घेतला. मागच्या अंगानं नेलं."

"बरं केलं," लेस्ली म्हणाला.

"शेल्डनला म्हणाले, तुझ्या काकाला शुक्रवारीच फोन केला होता. सांगतो म्हणाला होता." ती थांबली. "सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, डॅडी विसरले असतील. वय झालंय."

लेस्ली पुढे बघत होता.

"विसरलात ना, डॅडी?"

चाळीस वर्षं जो माणूस आकडे विसरला नाही, बुटांचे तळ विसरला नाही, त्याला विसरलो म्हणायला जीभ उचलेना. आणि नाही विसरलो असं म्हणायचं धैर्यही त्याच्यात नव्हतं. एलिनानं रुमाल डोक्यावरून काढला, घडी केली आणि त्याच्या हातात दिला.

एवढ्यात लिडियाबाईंचा ओटा आला. ब्याऐंशी वर्षांच्या लिडियाबाई खुर्चीत बसून वाटेकडे डोळे लावून होत्या. लेस्लीला यंदा कुणी नेलं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून असल्या गोष्टी त्यांना कुणी सांगतच नसे.

"आलास, लेस्ली?" त्या म्हणाल्या. "किती गेले, किती आले?"

एलिना त्याच्या शेजारी उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, हे त्याला मान न वळवता कळत होतं.

"चव्वेचाळीस गेले," तो म्हणाला. "चव्वेचाळीस आले."

लिडियाबाईंनी मान हलवली. मग खुर्चीतून पुढे वाकून त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. पंचवीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"देव बरं करो तुझं, पोरा," त्या म्हणाल्या. "तू मागे असतोस, म्हणून माझ्यासारखं दुसऱ्या कुठल्या आईला बसावं लागलं नाही."

एलिना पुढे निघून गेली. लेस्ली तिथेच उभा राहिला, कारण म्हातारी हात सोडत नव्हती.